कोरड्या उष्णतेची फळं

हिंगोलीच्या अंगणात मँगोस्टीन लावू नका. रंबुटानही नको आणि ड्युरियन तर नकोच. रोपवाटिकांच्या रंगीत पत्रकांवर ही फळं 'उष्णकटिबंधीय' म्हणून छापलेली असतात. आपला जिल्हाही उष्णकटिबंधातच येतो, म्हणून ती आपल्याकडे सहज येतील असं वाटतं. याच समजापायी पैसे, पाणी आणि तीन-चार वर्षांची मेहनत वाया जाते. हौस खरी असते, झाडाची निवड मात्र चुकलेली असते.

मँगोस्टीन मूळचं मलय प्रदेशातलं. तिथे पावसाशिवाय महिना क्वचितच जातो आणि हवा बाराही महिने दमट असते. केरळात ते रुजलं, कारण तिथे पाऊस दोन हंगामांत पडतो आणि उन्हाळ्यातही हवेत ओल टिकते. हिंगोलीचं गणित वेगळं आहे. पाऊस जून ते सप्टेंबर, पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, झळा सुटतात, आणि दोरीवरचं ओलं धोतर घटकाभरात कडकडीत वाळतं. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. मँगोस्टीनच्या पानाला यातलं काहीच सोसत नाही. त्याच्याच कुळातला आपला कोकम बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो रानातही उगवतो. पण घाट चढून मराठवाड्यात तो आपसूक कधी आला नाही. दोन्ही प्रदेशांच्या अक्षांशांत दोन-तीन अंशांचाच फरक आहे, हवेतल्या ओलीत मात्र जमीन-अस्मानाचा.

उष्णकटिबंधाला दुसरी, कोरडी बाजूही आहे. मेक्सिकोचा पश्चिम उतार, मध्य अमेरिकेतली पानगळीची जंगलं आणि आपलं दख्खन या सगळीकडे काही महिने पाऊस आणि पुढे कित्येक महिने तहान असाच क्रम असतो. इथली बरीच झाडं उन्हाळ्यात पानं टाकून गप्प बसायला शिकलेली आहेत. सीताफळ आणि विलायती चिंच अमेरिकेतून इथे आल्या आणि इतक्या रुळल्या की त्या परक्या आहेत हे कुणाला सांगावं लागतं. खिरणी आणि कवठ तर आपलीच. अंगणात निराळं फळझाड लावायचं असेल, तर ते या कोरड्या कुळांतून निवडावं. अशी बरीच फळं बाजारात मिळतच नाहीत, त्यामुळे ती घरी लावण्यात दुप्पट मजा आहे.

आधी मातीबद्दल बोलू, कारण हिंगोलीत झाडं उन्हापेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्याने जास्त मरतात. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा मातीच्या दृष्टीने एकसारखा नाही. वसमतकडे, पूर्णेच्या आणि सिद्धेश्वरच्या कालव्यांच्या पट्ट्यात, खोल काळी कापसाची जमीन आहे. औंढा नागनाथ आणि सेनगावच्या डोंगराळ भागात माती हलकी, खाली मुरूम. शेतकरी साहजिकच पहिल्या जमिनीला भारी म्हणतो, पण या फळझाडांसाठी दुसरी सरस आहे. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि भेगांबरोबर बारीक मुळंही तुटतात.

अशा जमिनीत तीन फुटांचा खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती आणि शेणखत भरण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती मला धोक्याची वाटते. भोवती चिकणमाती, मध्ये पोकळ भराव. पहिल्या मोठ्या पावसात आजूबाजूचं पाणी त्या खड्ड्यात येऊन बसतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. त्यापेक्षा जमिनीवरच दीड-दोन फूट उंच आणि पाच-सहा फूट रुंद उंचवटा करावा. त्यात निम्मी घरची माती, बाकी मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत. रोप या उंचवट्याच्या माथ्यावर लावावं. मुळं पुढे आपली वाट शोधत खाली जातात, पण पहिले दोन पावसाळे ती पाण्यात बुडत नाहीत.

दुसरी अडचण चुनखडीची. जमिनीत चुना जास्त असला की लोह मातीत असूनही झाडाला ते घेता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दिसलं की लोक युरिया टाकतात आणि त्याचा काही उपयोग होत नाही. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम लिंबूसत मिसळून पानांवर सकाळी फवारलं, तर पंधरवड्यात रंग पालटू लागतो. कायमचा इलाज मात्र सेंद्रिय खताचाच.

आच्छादनाच्या बाबतीत हिंगोलीसारखा भाग्यवान जिल्हा विरळा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीचा पाला काढणीच्या वेळी, म्हणजे जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, ढिगांनी निघतो. नेमकं त्याच्या पुढेच ऊन तापायला लागतं. हा पाला झाडाभोवती वीतभर जाडीने पसरला तर पाण्याची पाळी जवळजवळ दुपटीने लांबवता येते. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवावी, नाहीतर वाळवी आणि बुरशी दोन्ही येतात. लहान रोपाला दक्षिण-पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा ताटवा उभा करावा. शेजारी बुडाला भोक पाडून त्यात वात घातलेला माठ पुरला, तर पाण्याचा थेंबही वाया जात नाही.

आता खऱ्या विषयाकडे, सीताफळाच्या घराण्याकडे वळू. हिंगोलीच्या अंगणाला याहून योग्य घराणं मला माहीत नाही. त्यातलं सीताफळ सगळ्यांच्या ओळखीचं. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने धारूर-६ ही जात दिली, तर बाळानगर आधीपासून प्रसिद्ध आहे. पण याच घराण्यातली भावंडं अंगणात फारशी दिसत नाहीत.

१९०८ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडात पी. जे. वेस्टर या शास्त्रज्ञाने सीताफळ आणि चेरिमोया यांचा संकर केला. चेरिमोया म्हणजे अँडीज पर्वताच्या थंड खोऱ्यांतलं, मलईसारख्या गराचं फळ. ते हिंगोलीच्या उन्हात फळ धरणार नाही. पण वेस्टरच्या संकरातून निघालेल्या ॲटेमोयात चेरिमोयाची चव आणि सीताफळाची उष्णता सोसण्याची ताकद, दोन्ही उतरल्या. पुढे बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने आयलंड जेम नावाच्या ॲटेमोयाचा पुन्हा सीताफळाशी संकर करून अर्का सहान ही जात तयार केली. फळ मोठं, बिया मोजक्या, गर अतिशय गोड. अंगणात एकच झाड लावायची जागा असेल, तर मी याचं नाव घेईन.

रोपवाटिकेत हनुमानफळ, लक्ष्मणफळ आणि मामफळ ही नावं कशालाही दिली जातात. तेव्हा नावावर न जाता झाड बघावं. पान चकचकीत आणि चामड्यासारखं, फळावर मऊ काटे, असं असेल तर ते ग्राव्हियोला, म्हणजे आंबटगोड गराचं मोठं फळ. त्याला दमट हवा लागते. हिंगोलीत ते घराच्या पूर्वेला, दुपारच्या उन्हापासून आडोसा असेल तरच जगतं. या फळाने आणि त्याच्या पानांच्या काढ्याने कर्करोग बरा होतो, असा प्रचार फार झाला आहे. माणसांवरच्या चाचण्यांत असा पुरावा मिळालेला नाही. उलट कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडलूप बेटावर, जिथे हे फळ आणि पानांचा काढा नेहमीचा आहे, तिथल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये त्याचा संबंध पार्किन्सनसारख्या मेंदूच्या विकाराशी असू शकतो, असा इशारा दिला. फळ हौसेने एखाद्या वेळी खावं. औषध समजून काढा पिणं टाळावं.

रामफळ मात्र निःशंकपणे लावावं. सीताफळ दिवाळीच्या आसपास संपतं आणि रामफळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिकतं. दोन्ही झाडं असली की घरात वर्षातून दोनदा या चवीचा हंगाम येतो. रामफळाचं मूळ दणकट असतं, म्हणूनच या घराण्यातल्या इतर कलमांना खुंट म्हणून ते वापरतात.

ही झाडं फुलतात भरपूर, पण फळं मोजकीच देतात. त्याची सगळी गोष्ट फुलात आहे, आणि ती कळली की उत्पन्न आपल्या हातात येतं. सीताफळाचं फूल एका वेळी नर आणि मादी अशी दोन्ही कामं करत नाही. आधी पाकळ्या किंचित विलग होतात. तेव्हा आतला पांढरा शंकू ओलसर आणि चिकट असतो. ही मादी अवस्था. पुढे पाकळ्या पूर्ण उघडतात आणि भोवतालचे परागकोश मोकळे होतात. ही नर अवस्था. तोवर त्याच फुलातला शंकू वाळून गेलेला असतो. म्हणजे एका फुलाचे पराग दुसऱ्या, नुकत्या उमलणाऱ्या फुलापर्यंत कुणीतरी न्यायला हवेत. मधमाशी या फुलाकडे फिरकत नाही. हे काम अगदी बारीक भुंगेरे करतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत भुंगेरे कमी असतात आणि चिकट शंकू बघता बघता सुकतो. म्हणून त्या महिन्यांतली फुलं गळतात आणि फळधारणा मृगाच्या पावसानंतरच होते.

फळ वेडंवाकडं का येतं, तेही यातूनच समजतं. सीताफळाचा प्रत्येक डोळा हा वेगळा अंडाशय असतो. ज्या डोळ्यांपर्यंत पराग पोचले ते भरतात, बाकीचे बसलेले राहतात. एका अंगाने खोल दबलेलं फळ पाहिलं की त्या बाजूला पराग पोचला नाही, हे ओळखावं.

स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या किनाऱ्यावर चेरिमोयाच्या बागांत माणसं कुंचल्याने परागीकरण करतात. तैवानमध्येही ॲटेमोयाच्या बागांत हाच रिवाज आहे. घरच्या एक-दोन झाडांना तर हे काम अगदीच सोपं. पहिले चांगले पाऊस झाले, हवा दमट झाली, की संध्याकाळी पूर्ण उघडत आलेली दहा-पंधरा फुलं तोडावीत आणि घरात कोऱ्या कागदावर पसरून ठेवावीत. सकाळपर्यंत परागकोश सुटे होतात. फुलं हलकेच झटकून ती पिवळट भुकटी छोट्या डबीत घ्यावी. ऊन चढायच्या आत मुलांच्या रंगपेटीतला बारीक, मऊ कुंचला भुकटीत बुडवावा. मग अर्धवट उमललेल्या फुलाची एक पाकळी बोटाने बाजूला करून शंकूवर चारी बाजूंनी फिरवावा. चारी बाजूंनी हे महत्त्वाचं, नाहीतर फळ पुन्हा एकांगी. पराग त्याच दिवशी वापरावेत, शिळे चालत नाहीत. जाड फांद्यांजवळची फुलं निवडावीत, म्हणजे फळाचं वजन पेलतं. अर्का सहानसारख्या जातींसाठी तर हे केल्याशिवाय फळांची आशा धरू नये.

हे काम घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींना द्यावं. शाळेच्या पुस्तकात परागीकरण शिकवतात, ते इथे त्यांच्या बोटांनी घडतं.

फळ धरल्यापासून सुमारे चार महिन्यांनी ते तोडायला येतं. वाट डोळ्यांची पाहायची. डोळे एकमेकांपासून सुटले, मधल्या फटींत पिवळसर पांढरी झाक आली, हिरवा रंग फिकटला, की देठासह कात्रीने तोडावं. झाडावरच पिकू दिलं तर ते फुटतं, आणि पोपट-वटवाघळांच्या आधी आपल्या हाती लागत नाही. तोडल्यावर तीन-चार दिवसांत घरात मऊ पडतं. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नये, साल काळी पडते आणि मग ते पिकतच नाही. फळांच्या फटींत कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तर आधी मुंग्या बघाव्यात. त्याच त्याला वर चढवतात. खोडाभोवती पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावलं की मुंग्यांची वाट बंद होते.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी. सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठी डोक्याला लावायची जुनी चाल आहे. ती भुकटी डोळ्यात गेली तर बुबुळाला भाजल्यासारखी इजा होते. अशा रुग्णांची नोंद आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी वारंवार केली आहे. बिया थेट कचऱ्यात किंवा मातीत जाव्यात.

आता सीताफळाच्या घराण्याबाहेरच्या काही झाडांची यादी. कमरख, म्हणजे कोकणातलं करमळ, हे खरं तर आग्नेय आशियातल्या दमट हवेतलं झाड. तरीही ते मी या यादीत घेतो, कारण ते लहान राहतं आणि घराच्या सावलीत खुशाल वाढतं. गरम वाऱ्यात पानं करपतात, म्हणून पश्चिमेला भिंत हवीच. फळ थेट फांदीवर, पानांच्या आड लागतं आणि आडवं कापलं की चांदणी दिसते. हे फळ तोडल्यावर गोड होत नाही. पूर्ण पिवळं होईपर्यंत झाडावरच राहू द्यावं, कडांवरची हिरवी रेघ पुसट झाली की तोडावं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाने मात्र हे फळ अजिबात खाऊ नये. त्यातला कॅराम्बॉक्सिन हा घटक ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ओळखला. निरोगी शरीर तो बाहेर टाकतं, पण मूत्रपिंड कमजोर असेल तर तो साठतो, मेंदूवर परिणाम करतो, आणि न थांबणाऱ्या उचकीपासून झटक्यांपर्यंत सगळं होऊ शकतं. डायलिसिसवर असलेलं कुणी घरात असेल, तर हे झाड लावू नये असंच मी म्हणेन.

ड्रॅगन फ्रूट आता शेतांतून दिसतं, त्यामुळे थोडक्यात सांगतो. हे निवडुंगाच्या कुळातलं आहे. एक सिमेंटचा खांब, वर जुन्या टायरची कडी, बुडाशी चार छाट, एवढ्यावर काम भागतं. पण निवडुंग असूनही ४२ अंशांच्या उन्हात त्याच्या फांद्या पिवळ्या पडून भाजतात. एप्रिल-मेमध्ये वर हिरवी जाळी धरावी. फूल रात्री उमलतं आणि सकाळी मिटतं. लाल गराच्या कित्येक जातींना स्वतःचा पराग चालत नाही, म्हणून दोन वेगळ्या जाती शेजारी लावून रात्री नऊच्या सुमारास कुंचला फिरवावा. फुलल्यापासून साधारण महिना-सव्वा महिन्यात फळ तयार होतं. तेही तोडल्यावर गोड होत नाही.

फालशाबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. जांभळ्या, वाटाण्याएवढ्या आंबटगोड फळांचं हे झुडूप खास अंगणासाठीच आहे, असं म्हणावंसं वाटतं. कारण फळ तोडल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची रया जाते. शिवाय एकाच घोसातली फळं वेगवेगळ्या दिवशी पिकतात, त्यामुळे बाजारात ते पोचत नाही. ज्याच्या घरी आहे त्यालाच ते मिळतं. फळ नव्या फुटीवर येत असल्याने डिसेंबर-जानेवारीत झुडूप तीन-चार फुटांवर बेधडक छाटावं. एप्रिल-मेच्या काहिलीत रोज सकाळी वाटीभर फळं हाताला लागतात आणि त्यांचं सरबत उन्हाळा सुसह्य करतं. हलक्या जमिनीत, अगदी थोड्या पाण्यावर हे होतं.

कवठ काटेरी आणि मोठं होणारं झाड, म्हणून ते कुंपणाच्या कडेला. महाशिवरात्रीला महादेवाला वाहायला आणि उपासाला आपण ते विकत आणतो. औंढा नागनाथच्या जिल्ह्यात घरोघर एक तरी असायला हवं होतं. ते तयार झालं की नाही, हे बाहेरून कळत नाही. हातभर उंचीवरून फरशीवर टाकून बघावं. उसळलं तर कच्चं, धप्प करून बसलं तर तयार. तयार फळ आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवलं की वास घमघमतो, मग फोडून गूळ घालावा.

शेवटी खिरणी, जिला काही भागांत रांजण म्हणतात. दख्खनच्या कोरड्या जंगलातलं हे सदाहरित झाड पिढ्यान्‌पिढ्या जगतं. ऐन उन्हाळ्यात, बाकी सगळं वाळलेलं असताना, पिवळी, चिकट दुधाची, मधासारखी फळं देतं. बियांपासून लावलेल्या झाडाला फळ यायला दहा वर्षांहून जास्त लागतात, म्हणून लोकांनी ते लावणं सोडलं. आता कलमं करता येतात. गुजरातेत गोध्र्याजवळच्या वेजलपूरच्या उद्यानविद्या प्रयोग केंद्राने 'थार ऋतुराज' ही खिरणीची निवडलेली जातही दिली आहे. कलम कुठे मिळेल याची चौकशी कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात करावी.

आणि कदाचित ती तुमच्या अंगणात आधीच असेल. आपल्याकडे चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात, कारण मेक्सिकोच्या चिकूला आपल्या मातीत धरून ठेवणारं मूळ तिच्याकडे आहे. चिकू जोमात असेपर्यंत कलमाच्या सांध्याखालून येणारे फुटवे काढत राहावे, ते चिकूचं अन्न खातात. पण एखाद्या कडक उन्हाळ्यात वरचा चिकू वाळून गेला आणि बुडातून तुकतुकीत, गडद हिरवा कोंब आला, तर कुऱ्हाड आणू नका. त्यातला एक सरळ कोंब ठेवा, बाकीचे काढा, भोवती हळदीचा पाला पसरा आणि दोन उन्हाळे पाणी द्या. खाली मुरलेलं मूळ तयार असल्याने ही खिरणी रोपवाटिकेतल्या रोपापेक्षा लवकर उभी राहते.